बीअर लागेना! साठ तास झाले, बुडबुडा एक नाही

तळघरातला_मी (मिलवॉकी), बुधवार, सकाळी ८:१०

मंडळी, ऑफिसला निघायच्या आधी घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

रविवारी रात्री आठच्या सुमारास बादलीत यीस्ट टाकलं. आज बुधवार सकाळ, म्हणजे हिशोबाने साठ तास झाले. एअरलॉकमध्ये (झाकणावरची पाणी भरलेली नळी, आतला वायू तिथून बुडबुडत बाहेर पडतो) अजून एक बुडबुडा नाही. एक म्हणजे एकही नाही. ही माझी तिसरी खेप. पहिल्या दोन ऑगस्ट-सप्टेंबरात केल्या होत्या, तेव्हा रात्री यीस्ट टाकलं की सकाळी एअरलॉक कुकरच्या शिट्टीसारखा नाचत असायचा. आता सगळं चिडीचूप.

काय काय केलं ते सविस्तर सांगतो, म्हणजे चूक कुठे ते तुम्हाला दिसेल. ५ गॅलनची बॅच, म्हणजे १९ लिटर. सुकं फिकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाचा अर्क) अडीच किलो. शिवाय क्रिस्टल माल्टचा भरडा अर्धा किलो, फडक्यात पुरचुंडी बांधून ६८ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवला आणि पिळून काढला. माझं सगळ्यात मोठं पातेलं १४ लिटरचं, त्यामुळे १९ लिटर एकदम उकळता येत नाहीत. १० लिटर पाण्यातच सगळं एक तास उकळलं, कॅस्केड हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) तीन वेळा मिळून ६० ग्रॅम. पातेलं सिंकमध्ये बर्फात बसवलं. पाऊण तासाने हात लावण्याइतपत झालं तेव्हा बादलीत ओतलं आणि वरून नळाचं गार पाणी घालून १९ लिटरच्या रेघेपर्यंत आणलं. पाण्यात क्लोरामाईन (जंतुनाशक) असतं म्हणून ते घालवायला आधी कॅम्डेनची पाव गोळी विरघळवली होती. थर्मामीटर १७ अंश. पाकीट फोडून वर भुरभुरवलं (सेफेल यूएस-०५, ११.५ ग्रॅम, मुदत पुढच्या वर्षीपर्यंत). झाकण, एअरलॉक, तळघर.

आता खरी गंमत. यीस्ट टाकायच्या आधी हायड्रोमीटर (साखरेचा दाटपणा मोजणारी तरंगती नळी) लावला होता तेव्हा १.०३८ आलं. आज पहाटे न राहवून झाकणाची एक कड उचलली, पिचकारीने थोडं काढून परत लावला, तर १.०४०. म्हणजे साखर कमी व्हायची तर वाढली? तीन वेळा बघितलं. चष्मा पुसून बघितलं.

माझे संशय: एक, यीस्ट मेलेलं होतं. दोन, बादलीत सॅनिटायझरचा फेस बराच राहिला होता, त्याने मेलं. तीन, पाणी. घरात आईच्या नानसाठी आणलेली ब्रेडच्या यीस्टची बाटली आहे. आज रात्री तेच दोन चमचे ढकलून देऊ का? की ओतून टाकू? ओतायचं म्हटलं तर जिवावर येतंय, सामानाचे पंचेचाळीस डॉलर गेलेत आणि रविवार गेला तो वेगळाच.

(आई इचलकरंजीहून सहा महिन्यांसाठी आलीय. दारूचं नाव काढलं की तोंड फिरवते. पण काल तळघरात वाळत घातलेले कपडे काढायला गेली आणि वर येऊन म्हणाली, "तुझं ते आंबवण काय लागलं न्हाई वाटतं." म्हणजे बघून आली होती.)

---

खडूस_पेठकर (पुणे), बुधवार, सायंकाळी ७:५५ भारतीय वेळ

साठ तास एअरलॉककडे बघत बसण्याइतका वेळ ज्याच्याकडे आहे त्याने बीअर करू नये, ध्यानधारणा करावी.

साखर वाढली हे मात्र अद्भुत आहे. पेटंट घ्या. साखर कारखानदार तुमच्या तळघरासमोर रांग लावतील.

---

लीड्सकर_काका, बुधवार, दुपारी २:४० (आमच्याकडची)

पेठकरांचं मनावर घेऊ नकोस. आधी ती ब्रेडच्या यीस्टची बाटली फडताळात परत ठेव. आणि ओतायचं तर अजिबात नाही. पूर्वी मी घाईघाईने एक बॅच मोरीत ओतली, आणि मग बादली घासताना कडेला फेसाचं वाळलेलं कडं दिसलं. बीअर होऊन गेली होती. तेव्हापासून ओतण्याच्या बाबतीत मी फार सावकाश झालोय.

तुझे तिन्ही संशय मला पटत नाहीत. सॅनिटायझर सांगितलेल्या प्रमाणात, म्हणजे १९ लिटरला ३० मिली, कालवला असेल तर उरलेल्या फेसाने यीस्टच्या केसालाही धक्का लागत नाही. ते मुळात फॉस्फोरिक ॲसिड, वर्टमध्ये (न आंबलेल्या माल्टच्या पाण्यात) पडलं की पातळ होऊन निरुपद्रवी होतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरामाईन बीअरला दवाखान्यासारखा वास आणू शकतं, पण आंबणं थांबवत नाही, आणि तू तर गोळीही टाकलीस. मुदतीतलं सुकं यीस्ट मेलेलं निघणं फार दुर्मिळ. मारायचंच असेल तर ते आपण मारतो, ४० अंशांच्या वर गरम वर्टात टाकून. तुझं तर १७ होतं म्हणतोस.

पण त्या १७ वर आणि १.०३८ वर माझा विश्वास नाही. चार गोष्टी सांग:

वरचं पाणी घातल्यावर ढवळलंस का? किती?
पहिला नमुना कुठून घेतलास, वरून की खालून?
आत्ता बादलीचं तापमान किती? तळघराचं नाही, बादलीचं.
झाकण कसलं आहे, रबरी रिंग असलेलं का?

---

तळघरातला_मी, बुधवार, दुपारी १२:३५ (जेवणाच्या सुट्टीत)

काका, धन्यवाद. उत्तरं:

ढवळलं... म्हणजे डाव एकदा गोल फिरवला. रात्र झाली होती, कमरेचे तुकडे पडले होते.
नमुना दोन्ही वेळा वरूनच. बादलीला खाली तोटी आहे पण ती उघडली की गळत राहील या भीतीने हात लावला नाही.
बादलीवर चिकटपट्टीचा थर्मामीटर आहे. पण बादली ठेवताना पट्टी भिंतीकडे गेली, त्यामुळे बघितलेली नाही. (हे लिहिताना लाज वाटतेय.)
झाकणाला रिंग आहे. दाबून बसवतो ते.

बाहेर उणे सोळा आहे. तळघरात हीटरची एक जाळी आहे, पण फरशी सिमेंटची आणि बादली फरशीवरच.

---

लीड्सकर_काका, बुधवार, सायंकाळी ७:०५

सापडलं. निदान पाऊण तरी सापडलं.

अडीच किलो सुकं माल्ट १९ लिटरात विरघळलं तर गुरुत्व (हायड्रोमीटरचा आकडा) किती येणार हे यंत्र लावल्याशिवायही कळतं, कारण ते तुझ्या हातात नसतंच. एक किलो सुकं माल्ट एका लिटरात साधारण ३६७ अंक देतं (१.०३८ म्हणजे ३८ अंक). अडीच किलोचे झाले ९१७. भागिले १९, म्हणजे ४८. क्रिस्टलचे चारेक धर. ५२. तुझी सुरुवात १.०५२ होती. आकारमान रेघेवर मोजलं असशील आणि माल्ट पाकिटात राहिलं नसेल तर दुसरं काही येऊच शकत नाही. एक्स्ट्रॅक्टवाल्यांनी हा आकडा मोजायच्या आधी कागदावर काढून ठेवावा.

मग १.०३८ कुठून आलं? तू खाली काकवीसारखं दाट वर्ट ओतलंस, वरून हळूच गार पाणी सोडलंस आणि डाव एकदा फिरवलास. सरबतात साखर तळाशी बसते तसं झालं. वरच्या पातळ थरातून पिचकारी भरलीस आणि त्यालाच सुरुवात समजलास. थर्मामीटरही वरच बुडवला, म्हणून १७. मधोमध कदाचित २५ असेल.

आता हिशोब उलटा कर. १.०३८ वरून १.०४० झालं नाही. १.०५२ वरून १.०४० झालं. बारा अंक उतरलेत बाबा. तुझी बीअर लागलीय.

"मग बुडबुडे?" म्हणशील. एअरलॉक हे माप नव्हे. तो फक्त वायूला बाहेर जायची एक वाट देतो. झाकणाच्या कडेला त्याहून सोपी वाट सापडली तर वायू तिकडूनच जातो, दोन सेंटिमीटर पाणी ढकलत बसायची त्याला काय हौस? प्लॅस्टिकच्या बादल्यांची झाकणं निम्म्या वेळा गळतात. आणि त्यातून तुझी बादली माझ्या अंदाजाने तेरा-चौदा अंशांवर असणार. यूएस-०५ ला १८ ते २६ लागतं. तेराला ते मरत नाही, पण सरकारी कचेरीतल्या फायलीच्या चालीने चालतं.

---

पेट्रीडिश (पुणे), गुरुवार, पहाटे १२:५० भारतीय वेळ

काकांचं निदान छान आहे, पण त्यात एक भोक आहे आणि माझी झोप गेलेलीच आहे, तर सांगते. (यीस्टवर काम करते, बीअरच्या नव्हे.)

दोन्ही नमुने वरूनच घेतलेत. थर अजून तसेच असतील, वर पातळ आणि खाली दाट, तर आजच्या १.०४० चा अर्थ "थोडंसं मिसळलं" इतकाच असू शकतो. आंबलं हे त्यावरून सिद्ध होत नाही. यीस्ट कामाला लागलं असेल तर वायूच्या बुडबुड्यांनी आतल्या आत ढवळलं जातं आणि थर उरत नाहीत. तेव्हा एकच करा: एक नमुना वरून, एक तोटीतून. तोटीतलं पहिलं अर्धी वाटी फेकून द्या, ते तोटीत साठलेलं असतं. नंतरचं मोजा.

वर ४०, खाली ६० आलं तर यीस्ट झोपलेलं आहे.
दोन्हीकडे जवळपास सारखं आणि ५२ च्या बरंच खाली आलं तर काका बरोबर.
दोन्हीकडे ५२ आलं तर मिसळलंय पण आंबलेलं नाही, मग नवं पाकीट.

तोटीला आधी आतून-बाहेरून सॅनिटायझर मारा. नमुना परत बादलीत ओतू नका, पिऊन टाका. चवही एक माप आहेच: गोड काकवी लागली तर वाईट बातमी, गोडी मागे सरून कडवटपणा पुढे आला असेल तर चांगली.

यीस्ट टाकल्यावर सुरुवातीचे काही तास बाहेरून काहीच दिसत नाही, पण आत भरपूर चाललेलं असतं. सुकलेल्या पेशी आधी पाणी पितात, आवरण दुरुस्त करतात, साखर आत घेणारी प्रथिनं बनवतात. नव्या पेशींच्या आवरणाला स्टेरॉल लागतात आणि ते बनवायला प्राणवायू. उकळलेल्या वर्टातला प्राणवायू उडून गेलेला असतो, म्हणून द्रव यीस्ट वापरणारे लोक बादली खळखळा हलवतात. सुक्या यीस्टमध्ये कारखान्यातूनच ही शिदोरी भरून येते, त्यामुळे तुम्ही हलवलं नाहीत तरी या बाबतीत माफ. प्रमाणही ठीक आहे. लिटरला ०.५ ते ०.८ ग्रॅम लागतं, तुमचं ०.६ होतं.

ब्रेडचं यीस्टही त्याच जातीचं, *सॅकरोमायसिस सेरेव्हिसी*. दारू तेही करेल. फक्त ते वेगाने फुगवण्यासाठी निवडलेलं असतं, चवीसाठी आणि तळाशी शांत बसण्यासाठी नाही. गढूळ राहील आणि काय चव येईल याचा भरवसा नाही.

आणि एक गंभीर मुद्दा. "राहू दे अजून आठवडाभर, बघू" असं करू नका, जर खरंच आंबलेलं नसेल तर. न आंबलेल्या वर्टाचा पीएच पाचाच्या वर असतो, त्यात दारू नाही, वर झाकण लावून हवा बंद. बॉट्युलिझमच्या जंतूला असंच घर आवडतं. यीस्टने एकदा पीएच ४.६ च्या खाली आणला की ती भीती जाते, बीअर साधारण ४.२ ते ४.५ ला येते. म्हणून उद्या-परवा नाही, आजच तपासा.

---

खडूस_पेठकर, गुरुवार, सकाळी ९:१०

"यीस्टवर काम करते, बीअरच्या नव्हे" हे वाक्य कुणाच्या तरी लग्नाच्या बायोडेटात शोभेल.

---

तळघरातला_मी, बुधवार, रात्री ९:४५ (आमच्याकडे अजून बुधवारच)

आलो. सगळं केलं. क्रमाने सांगतो.

आधी बादली फिरवून पट्टी बघितली. ५६ फॅरनहाइट, म्हणजे १३ अंश. काका, तुमच्या पायाचा फोटो पाठवा.

मग झाकण अर्धं उघडलं आणि नाक आत घातलं. घालायला नको होतं. जोशीबुवांच्या सोड्याची बाटली नाकात फुटावी तशी झिणझिणी मस्तकात गेली, डोळ्यांतून पाणी. वायू होता, भरपूर होता. खाली टॉर्च मारला तर पृष्ठभागावर पिवळट पांढरा फेस, जाड नाही, आंबोळीच्या पिठावर सकाळी येतो तसा, मधेमधे फुटलेला. आणि बादलीच्या कडेला, द्रवाच्या बोटभर वर, तपकिरी चिकट कडं. त्यात हॉप्सचे हिरवे कण अडकलेले. म्हणजे फेस बोटभर वर चढून खालीही आला होता आणि मी एअरलॉककडे बघत होतो.

नमुने: वरून १.०३६. तोटीतून (अर्धी वाटी फेकून) १.०३७. थर नाहीत, ५२ च्या खूप खाली. पेट्रीडिशताई, दोन्ही नमुने प्यायलो. कोमट नाही, गार नाही, गोडसर-कडू आणि पिठूळ, पण जिभेवर सुया टोचतात तसं झालं. बीअरच आहे.

आता झाकण. आई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून सगळं बघत होती. मी एअरलॉकमधली टोपी वर येते का बघायला झाकण हाताने दाबलं. टोपी वर आली आणि हळूहळू खाली बसली. दाब टिकत नव्हता. तेवढ्यात वरून आवाज आला, "शिलेंडरला साबण लावतोस तसं लाव की." गॅसचा रेग्युलेटर बदलला की घरी आम्ही साबणाचं पाणी लावून गळती बघायचो. वाटीत भांड्यांचा साबण कालवला आणि जुन्या ब्रशने झाकणाच्या कडेला फिरवला. घड्याळात चार वाजतात त्या जागी बारीक बारीक फेस फुरफुरायला लागला, मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक. तीन दिवस माझी बीअर तिथून श्वास घेत होती.

झाकण काढून बघितलं तर रबरी रिंग तेवढ्याच जागी खोबणीतून निसटून मुडपली होती. सरळ केली, सॅनिटायझर मारलं, झाकण गुडघा देऊन बसवलं. अकरा मिनिटांनी पहिला बुडबुडा. *ब्लुप.* आई म्हणाली, "ह्याच्यासाठी तीन दिवस जेवला न्हाईस व्हय नीट?"

आता प्रश्न: १३ वरून वर कसं आणू? आणि किती?

---

लीड्सकर_काका, गुरुवार, सकाळी ७:२०

व्वा. आईंना नमस्कार सांग, साबणाची युक्ती मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितली नाही, मला सुचलीच नाही.

बादली आधी सिमेंटवरून उचल. फरशी उष्णता ओढून घेते, हवेपेक्षा जास्त. लाकडी पाटावर ठेवलीस तरी फरक पडेल, पण घरात वर आणणं उत्तम. १८ ते २० ला आण, दिवसभरात हळूहळू. गरम पाण्याच्या पिशव्या, हीटरसमोर ठेवणं वगैरे नको. आंबताना बीअर स्वतः उष्णता सोडते, आत खोलीपेक्षा दोन-तीन अंश जास्तच असतं. गुंडाळलीस तर तीच उष्णता पुरते. फक्त पट्टी या वेळी बाहेरच्या बाजूला ठेव आणि २३ च्या वर जाऊ देऊ नकोस.

एकदा हलवताना बादली थोडी गोल गोल फिरव, तळाशी बसलेलं यीस्ट उठेल. खळखळवू नको मात्र, आता आत प्राणवायू शिरला तर पुठ्ठ्यासारखी चव येते. आणि अंधार. हॉप्सवर ऊन पडलं की बीअरला उग्र वास सुटतो.

मग दहा दिवस विसरून जा. बुडबुडे मोजू नकोस. हायड्रोमीटर दहाव्या दिवशी लाव, तीन दिवसांनी परत लाव. दोन्ही आकडे सारखे आले तरच बाटल्या भर, नाहीतर बाटल्या फुटतात. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशावरून साखर मोजणारं यंत्र) घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेव, दारू तयार झाल्यावर तो खोटं बोलतो, आकडा सुधारून घ्यावा लागतो.

(ज्यांना उलटी अडचण आहे, म्हणजे उकाडा, त्यांच्यासाठी: नॉर्वेतल्या शेतकऱ्यांकडे क्वाइक नावाचं यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ते ३५-४० अंशांना मजेत काम करतं, कधीकधी दोन दिवसांत उरकून मोकळं होतं. तिथे "लागलं नाही" वाटणारे लोक प्रत्यक्षात संपलेल्या बीअरकडे बघत असतात.)

---

द्राक्षाच्या_गावचा (नाशिक), गुरुवार, दुपारी १:३०

फार उपयोगी धागा. काका, क्वाइकचं ऐकून हात शिवशिवले. आमच्याकडे मे महिन्यात ३८ असतंच. हे घरी करून बघायला इकडे काही अडचण?

---

पेट्रीडिश, गुरुवार, दुपारी २:०५

अडचण आहे, मोठी आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे. घरात, स्वतःपुरती, पाच लिटर, काहीही असो. हॉटेलातल्या छोट्या ब्रुअरीज रीतसर परवाना घेऊन चालतात. मिलवॉकीकरांना चालतं कारण तिकडे १९७८ मध्ये कार्टर अध्यक्ष असताना केंद्राचा कायदा बदलला: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००, विकायची नाही. तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी २०१३ पर्यंत वाट पाहायला लावली. काकांच्या इंग्लंडात १९६३ पासून घरच्या बीअरला परवाना लागत नाही.

तुम्ही इडलीचं पीठ आंबवा. नियम तेच आहेत, पोलीस येत नाहीत.

---

द्राक्षाच्या_गावचा, गुरुवार, दुपारी २:११

हात शिवशिवायचे थांबले.

---

तळघरातला_मी, शुक्रवार, रात्री १०:२०

छोटा अपडेट. काल सकाळी बादली वर आणायला घेतली. १९ लिटर द्रव, अरुंद जिना, माझी कंबर. आई मागे धरायला. ती जिन्यात काही बोलली नाही, पण वर आल्यावर ऑफिसला जाईपर्यंत बोलत होती.

फ्रिजच्या बाजूच्या कोपऱ्यात ठेवली, मागून ऊबदार हवा येते तिथे. मी जाकीट गुंडाळून गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर जाकीट खुंटीला आणि बादलीभोवती गोधडी. तीच, तिने जुन्या नऊवारीची शिवून आणलेली, माझ्या मुलीसाठी. वरून सुतळी बांधलेली, एअरलॉक तेवढा बाहेर, टोपडं घातलेल्या बाळासारखा. मी काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं, "थंडीत विरजण असं उघडं ठेवतात व्हय? दही लागंना म्हणून मी रोज ओव्हनचा दिवा लावून ठेवते, ते तुला दिसत न्हाई?"

दिसत होतं, काका. रोज सकाळी त्याच ओव्हनमधून काढलेलं दही खाऊन मी तळघरात जाऊन एअरलॉककडे बघत होतो.

आज पट्टीवर १९. फ्रिजशेजारी दर दोन-तीन सेकंदाला ब्लुप. आई म्हणते रात्री झोप लागत नाही त्या आवाजाने, पण खोली बदलून देतो म्हटलं तर नको म्हणाली.

---

खडूस_पेठकर, शनिवार, सकाळी ८:४०

बॅचचं नाव "नऊवारी" ठेवा. हा माझा या धाग्यावरचा एकमेव उपयुक्त प्रतिसाद समजावा.

---

तळघरातला_मी, चार आठवड्यांनंतर

धागा वर काढतोय, कारण दोघांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं.

अकराव्या दिवशी १.०१२, चौदाव्या दिवशी १.०११, सतराव्या दिवशी परत १.०११. म्हणजे ५२ मधून ११ गेले, ४१ गुणिले ०.१३१, साधारण ५.४ टक्के दारू. रविवारी १२० ग्रॅम साखर दोन वाट्या पाण्यात उकळून, गार करून, या वेळी नीट ढवळून बाटल्या भरल्या. सत्तेचाळीस भरल्या, अठ्ठेचाळिसावी अर्धी.

पहिली बाटली आठवड्याने फोडली. कच्च्या सफरचंदासारखी किंचित चव होती, घाई केली. काल दहा दिवस झाल्यावर दुसरी फोडली, ती चव जवळजवळ गेलीय. फेस चांगला, रंग तांबूस, तळाशी यीस्टचा पातळ थर, तो ग्लासात येऊ द्यायचा नाही. माझ्या पहिल्या दोन बॅचपेक्षा स्वच्छ लागते. कदाचित ऑगस्टमध्ये २७-२८ ला आंबवलेल्या त्या दोघी जास्त गरम झाल्या असाव्यात आणि ज्याला मी "जोरात चाललंय" समजत होतो ती खरी गडबड असावी. काका काय म्हणता?

---

लीड्सकर_काका, त्याच रात्री

अगदी तेच. त्या कुकरच्या शिट्टीबद्दल पहिल्याच दिवशी म्हणणार होतो, पण तुला तेव्हा वेगळीच काळजी होती. २८ ला यूएस-०५ उग्र दारूचा वास सोडतं, दुसऱ्या दिवशी डोकंही धरतं. उन्हाळ्यात बादली पाण्याच्या टबात ठेव, वर ओला टॉवेल.

---

पेट्रीडिश, दुसऱ्या दिवशी

तळाशी उरलेलं यीस्ट फेकलं नसेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात धुऊन काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा, झाकण सैल. दोन-तीन आठवड्यांत वापरलंत तर पुढच्या बॅचला पाकीट लागणार नाही. मुख्य प्रश्न राहिलाच: आईंनी चव घेतली का?

---

तळघरातला_मी, दुसऱ्या दिवशी, रात्री

फेकलं, ताई. पुढच्या वेळी.

आई पीत नाही, पिणारही नाही. पण काल मी ग्लास ओट्यावर ठेवून फोन घ्यायला गेलो. परत आलो तर ती करंगळी पदराला पुसत होती.

"एवढी गोधडी घातली," म्हणाली, "आणि कडूच निघालं की रे."